रिपोर्ट हातात आहे, मग समुपदेशक कशाला?
वर कुणीतरी विचारलंय की रिपोर्टवर 'थॅलेसेमिया वाहक' (म्हणजे या आनुवंशिक रक्तविकाराचं जनुक अंगात आहे, पण स्वतःला आजार नाही) असं स्वच्छ छापलंय, मग जनुकीय समुपदेशकाला वेगळी फी कशाला द्यायची? थोडी भर घालतो.

पहिल्या भेटीत रिपोर्ट बराच वेळ बाजूलाच राहतो. आधी कागदावर तीन पिढ्यांची वंशावळ निघते. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, नात्यातलं लग्न असेल तर दुहेरी रेघ. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे काही नवीन नाही, आणि ती दुहेरी रेघ दिसली की पुढचे प्रश्न बदलतात. लहानपणीच गेलेल्या काकाचा विषयही इथेच निघतो, एरवी घरात कुणी काढत नाही.

मग २५ टक्क्यांचा हिशोब. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा गंभीर प्रकार, असण्याची शक्यता तेवढी. 'पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन ठणठणीत' हे गणित भल्याभल्यांच्या डोक्यात असतं, आणि ते साफ चूक आहे. दर वेळी पाटी कोरी. म्हणून आधी जोडीदाराची तपासणी करा. वाहक ओळखतात ते रक्तातल्या हिमोग्लोबिन ए-२ च्या वाढलेल्या आकड्यावरून, पण शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा खाली दिसू शकतो, त्यामुळे काठावरच्या रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका.

गर्भाची तपासणी साधारण अकराव्या आठवड्यापासून करता येते, तेव्हा दिवस जाण्याआधीच भेटलेलं बरं. पुढे काय करायचं ते समुपदेशक सांगत नाही, सांगूही नये. सासूबाई सांगतात, ते वेगळं!