चौथीचा चाचणी निकाल ७२ वरून ५५ टक्के, पालकसभेत काय सांगू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण दोन ओळींत विचारलं तर "अजून मेहनत घ्या" एवढंच उत्तर येईल, आणि ते मला शाळेत फुकट मिळतंय.

मी प्राथमिक शाळेत चौथीला भाषा आणि गणित शिकवते. दरवर्षी बाहेरून एक प्रमाणित चाचणी येते. सगळ्या शाळांना एकच प्रश्नपत्रिका, ठरलेली वेळ, गोळे काळे करायची उत्तरपत्रिका. ५० पैकी २८ किंवा जास्त गुण म्हणजे 'अपेक्षित पातळी गाठली'. गेल्या वर्षी २५ पैकी १८ मुलांनी गाठली, ७२ टक्के. यंदा २२ पैकी १२, म्हणजे ५५. "१७ टक्क्यांची घसरण" हे शब्द सकाळी मुख्याध्यापिकांच्या खोलीतून निघाले आणि मधल्या सुट्टीपर्यंत स्टाफरूमभर झाले. शनिवारी पालकसभा आहे. "काय झालं ते तुम्हीच सांगा," असा निरोप आलाय.

काल रात्री उत्तरांचा तक्ता घेऊन बसले. खाली राहिलेल्या दहांपैकी तिघांना २७ गुण आहेत. चौथ्या मुलाला १४. हा वर्गातला हुशार मुलगा, म्हणून त्याची प्रश्नपत्रिका काढून पाहिली. त्यानं नववा प्रश्न सोडला, पण उत्तरपत्रिकेत नववी ओळ रिकामी ठेवायची राहिली. दहाव्याचं उत्तर नवव्यात, अकराव्याचं दहाव्यात, शेवटपर्यंत सगळं एक घर वर सरकलेलं. प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीनं केलेल्या खुणा मोजल्या तर ३७ बरोबर. ही चार मुलं रेषेपलीकडे असती तर १६ झाली असती, ७३ टक्के, आणि मला शाबासकी मिळाली असती.

हे सभेत बोलले तर सारवासारव वाटेल का? दुसरं, व्यवस्थापनाला आता रोज एक तास सराव प्रश्नपत्रिकांसाठी हवाय. त्यानं खरंच फरक पडतो का? आणि अहवालात शाळेपुढे '४८ पर्सेंटाइल' लिहिलंय. एका पालकांचा फोन आला, "बाई, ४८ म्हणजे नापासच की!" त्यांना सोप्या शब्दांत काय सांगू?

आकडेमोड:
पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत, रांगेतली जागा. तुलनेसाठी घेतलेल्या १०० शाळा ओळीनं उभ्या केल्या तर साधारण ४८ तुमच्या मागे, म्हणजे तुम्ही मधोमध. पास-नापासशी त्याचा काही संबंध नाही.

घसरणीबद्दल: २२ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे साडेचार टक्के. इतक्या लहान गटात शिकवण्यात तसूभर फरक नसतानाही निकाल दहा टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. दोन वर्षांच्या निकालांतला फरक काढला की दोन्हीकडची अनिश्चितता त्यात येते, म्हणजे तो आणखी हलता. शिवाय गेल्या वर्षीची मुलं आता पाचवीत. तुम्ही दोन वेगळ्या वर्गांची तुलना करताय, कुणी 'घसरलेलं' नाहीये. याच २२ मुलांचे तिसरीतले गुण मिळाले तर ते शेजारी ठेवा. आणि नुसती टक्केवारी दाखवू नका, सरासरीही दाखवा. २७ आणि १४ यांना एकाच टोपलीत टाकणारा आकडा फार काही सांगत नाही.

नुसताच_वाचक:
हेच गणित गेल्या वर्षीच्या ७२ ला लावलं होतं का? तेव्हा फलक लागला असणार.

खडूची धूळ:
ताई, वरचं गणित बरोबर आहे, पण त्याच्या आड लपू नका. एकूण आकडा बाजूला ठेवा आणि प्रश्नवार तक्ता बघा. कुठल्या प्रश्नाला वर्गातल्या बहुतेकांनी एकच चुकीचा पर्याय निवडलाय का? चुका विखुरलेल्या असतील तर मुलांनी अंदाजपंचे गोळे भरले. एकाच पर्यायावर गर्दी असेल तर त्या सगळ्यांच्या डोक्यात एकच चुकीचा नियम बसलाय, आणि तो बहुधा आपणच बसवलेला असतो. मी तीस वर्षं शिकवलं, असे दोन नियम तरी माझ्या नावावर आहेत.

सरावाबद्दल: गोळे भरायची सवय लागेपर्यंत दोन-तीन वेळा सराव करून घ्या, ओळ सरकणं तेवढ्यानं थांबेल. त्यापुढे रोजचा तास गेला तर तो वाचनातून जाणार. उतारे समजण्यासाठी विषयाची माहिती लागते, नुसती युक्ती पुरत नाही. रेश्ट आणि लेस्ली या दोघींचा १९८८ चा प्रयोग आहे, ६४ विद्यार्थ्यांवर. बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला, तर वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. व्यवस्थापनाला एवढं एकच सांगा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. नुसताच_वाचक, हो, फलक लागला होता. फोटोत मीही आहे.

खडूची धूळ, तुमचं वाचलं आणि तक्ता पुन्हा काढला. प्रश्न ३१: शून्य ते दोनची संख्यारेषा, तिचे चार समान भाग, पहिल्या खुणेवर बाण. उत्तर एक द्वितीयांश. २२ पैकी १३ मुलांनी एक चतुर्थांश निवडलंय. त्यात ४० च्या वर गुण मिळवणारी तिघं आहेत!

आज मधल्या सुट्टीत एकीला फळ्यावर तीच रेषा काढून दिली. ती लगेच म्हणाली, "बाई, चार भाग आहेत ना, मग एक चतुर्थांश." मी विचारलं, "बरं, एक कुठाय?" तिनं बोट मधल्या खुणेवर ठेवलं, शून्याकडे पाहिलं, परत बोटाकडे पाहिलं, आणि काही न बोलता डस्टर उचललं.

अपूर्णांक मी वर्षभर वर्तुळं कापूनच शिकवले. वर्तुळ एकच असतं, त्यामुळे 'पूर्ण कुठवर' हा प्रश्न मुलांना कधी पडलाच नाही. संख्यारेषा शेवटच्या आठवड्यात दोन तासांत उरकली होती. हे माझं.

शनिवारी दोन्ही सांगणार आहे. आधी चार मुलांचा हिशोब, मग फळ्यावर ती रेषा काढून पालकांनाच विचारणार. तिसरीचे गुण मागवलेत. रोजच्या सराव तासाऐवजी आठवड्याला एक तास मागितलाय, उत्तर अजून नाही.

एक राहिलंच. ओळ सरकलेल्या मुलाची प्रश्नपत्रिका जोडून फेरतपासणीचा अर्ज करावा का? निकाल बदलेल अशी आशा नाही, पण तो १४ चा कागद घरी न्यायला तयार नाहीये.

खडूची धूळ:
करा. आणि अर्जाची एक प्रत त्याच्या हातात द्या.