मदत हवी आहे : काँक्रीटमध्ये गिझरसाठी कोणते फास्टनर घ्यावेत?

राजारामपुरीतील आमच्या फ्लॅटमध्ये 25 लिटरचा गिझर बसवायचा असून, पाण्यासह त्याचे वजन 35 किलोच्या आसपास जाईल. प्लास्टर ओलांडल्यावर एका भोकातून लाल भुगा आला, म्हणजे तेथे वीट आहे. वरच्या भोकातून मात्र करडा, म्हणजे काँक्रीटचा भुगा आला आणि थोड्या खोलीवर ड्रिलचे बिट अडले, बहुधा बीमच्या (काँक्रीटच्या आडव्या तुळईच्या) सळईला. लक्ष्मीपुरीतील एका दुकानदाराच्या मते प्लॅस्टिकची गिट्टी आणि स्क्रू पुरेसे आहेत, परंतु फोटोफ्रेमपलीकडे मला तिचा भरवसा वाटत नाही.

बीममध्ये 10 मिलिमीटरचे अँकर फास्टनर (आवळल्यावर भोकात फुलून घट्ट बसणारे धातूचे बोल्ट) योग्य ठरतील का? त्यांची खोली प्लास्टर वगळून मोजावी का? अडलेल्या भोकापासून नवे भोक किती अंतरावर घ्यावे, आणि विटेत फास्टनर आवळताना ती फुटू नये म्हणून काय करावे? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.