मदत हवी आहे : 1742 दिवस म्हणजे किती वर्षं? (अर्जंट)

मुलुंडकर : एचआरच्या कागदावर ‘एकूण सेवा 1742 दिवस’ एवढंच आहे. फॉर्ममध्ये वर्षे, महिने, दिवस असे तीन रकाने. 365 ने भागलं तर 4.77. म्हणजे 4 वर्षं 77 दिवस का? उद्या द्यायचाय, फक्त उत्तर सांगा.

बोरिवली_पूर्व : 77 दिवस नाही हो! .77 म्हणजे पाऊण वर्षाच्या वर. 1742 वजा 1460, उरले 282. भागिले 30. 4 वर्षं 9 महिने 12 दिवस. संपला विषय.

पाटीपेन्सिल : संपला कसा? 29 फेब्रुवारी कुठे गेला? आणि सगळे महिने 30 चे कधीपासून? तारखा द्या.

मुलुंडकर : तारखांचं काय लोणचं घालायचंय? घ्या, 10 जून 2019 ते 16 मार्च 2024.

पाटीपेन्सिल : दोन्ही दिवस धरून 1742 बरोबर. 9 मार्चला 4 वर्षं 9 महिने भरले, पुढे 10 ते 16 सात दिवस. 4-9-7 लिहा. एक्सेलमध्ये डेटडिफ (दोन तारखांतलं अंतर काढणारं सूत्र) वापरलंत तर शेवटच्या तारखेत 1 मिळवा, नाहीतर एक दिवस खातं.

बोरिवली_पूर्व : 365.25 ने करून बघितलं, तेच येतं. तारखा लागल्याच नाहीत!

पाटीपेन्सिल : नशिबाने आलं. 10 फेब्रुवारी ते 9 मार्च 2024 हा महिना 29 दिवसांचा, 10 जुलै ते 9 ऑगस्ट 31 चा. तुमच्या भागाकाराला ते कुठे कळतंय?

गिरगावचे_काका : 2023 ला अधिक श्रावण होता, तो कोणीच धरला नाही. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, पंचांगाने तुमची सेवा जास्त भरते.

मुलुंडकर : काका, एचआरला पंचांग दाखवू का?

लोअर_परळ : फॉर्म कसला आहे?

मुलुंडकर : ग्रॅच्युइटीचा, नोकरी सोडताना कंपनी एकरकमी देते त्या पैशांचा. त्याचा इथे काय संबंध?

लोअर_परळ : अहो, सगळा संबंध तोच! तुमची सेवा संपली तेव्हा 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होता. त्यात सलग 5 वर्षं लागायची, पण वर्षात 240 दिवस काम भरलं की ते वर्ष पूर्ण धरायचे. आठवड्याला सहापेक्षा कमी दिवस काम असेल तर 190. भरपगारी रजा चालते. शेवटच्या वर्षाची हजेरी काढून घ्या.

ठाणे_स्लो : आमच्याकडे 4 वर्षं 10 महिन्यांवर सरळ नाही म्हणाले. खोट्या आशा लावू नका.

लोअर_परळ : नाही म्हणतात, म्हणून सोडायचं? मद्रास उच्च न्यायालयाचा 1996 चा निकाल 240 दिवसांच्या बाजूने आहे. लेखी अर्ज करा, नकारही लेखी घ्या. त्या कायद्याने हिशोब : शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष, म्हणजे तुमची 5.

बोरिवली_पूर्व : भागिले 26? आता महिना 26 चा झाला?

लोअर_परळ : रविवार वजा करून.

मुलुंडकर : पाच दिवसांचा आठवडा होता. हजेरी मागवतो. फॉर्मवर 4-9-7 च ना?

पाटीपेन्सिल : हो.

वसईवाली : इथेच विचारते, 444 दिवसांची एफडी म्हणजे किती महिने?

पाटीपेन्सिल : कुठल्या तारखेपासून?