मदत हवी आहे: आजोबांच्या मेडलमधलं वीरचक्र कुठलं? (तातडीने)

पल्लवी_धनकवडी (सोमवार, रात्री ९:४०)
आजोबा सैन्यात होते. त्यांची पाच मेडल आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहेत. यातलं वीरचक्र कुठलं, ते कोणी सांगेल का? १६ डिसेंबरला गावात विजय दिवसाचा कार्यक्रम आहे. ग्रामपंचायतीसमोर फ्लेक्स लागणार आहे आणि चुलतभाऊ परवा सकाळी मजकूर छापायला देणार आहे. त्याने "वीरचक्र विजेते, १९६५ व १९७१ च्या युद्धांतील योद्धे" असं लिहिलंय. वीरचक्र कुठल्या लढाईत मिळालं, ती एक ओळ हवी आहे. दोन दिवस नेटवर शोधतेय, सगळीकडे मोठ्या अधिकाऱ्यांचीच माहिती. कृपया लवकर सांगा.

घोरपडी_सुभेदार (रात्री ९:५८)
रेजिमेंट कुठली? पलटण, म्हणजे तिच्यातली बटालियन, कुठली? भरती कधी झाले, पेन्शनवर कधी आले? मेडलवर काय लिहिलंय? यातलं काहीच तू लिहिलेलं नाहीस, मग कसं सांगणार?

जुनाबाजार_नाणी (रात्री १०:०५)
फोटो टाका. पुढून, मागून आणि कडेने. कडेचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा.

मेघना_वारजे (रात्री १०:११)
किती छान, जपून ठेवलीत! काळी पडली असतील तर चिंच-मीठ लावून घासा आणि कोमट पाण्याने धुवा. आमच्या सासऱ्यांची तशीच लख्ख केली होती.

जुनाबाजार_नाणी (रात्री १०:१३)
कृपया घासू नका!! गोल मेडलच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट कोरलेली असते. ती अक्षरं बारीक असतात. दोन-चार वेळा घासलं की पुसट होतात आणि एकदा गेली की मेडल कोणाचं हे सांगायला काही उरत नाही. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात अशी घासून गुळगुळीत झालेली मेडल मी वजनावर विकली जाताना बघितली आहेत. कोणाची ते कोणालाच माहीत नाही. फार वाईट वाटतं.

पल्लवी_धनकवडी (रात्री १०:३०)
तीन मी कालच चिंचेने घासली. तरी भिंगाने बघितलं, अक्षरं दिसताहेत. नंबर, मग हवालदार, मग आजोबांचं नाव, मग मराठा एल आय (लाइट इन्फंट्री). पलटण लिहिलेली नाही. नंबर असा आहे:
[संपादित: सैनिक क्रमांक काढला आहे. घरच्यांची अशी माहिती उघड धाग्यावर टाकू नका. – व्यवस्थापक]
पाचातलं एकच चांदणीच्या आकाराचं आहे, त्यावर पूर्वी स्टार लिहिलंय. बाकी चार गोल. रक्षा मेडल, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल (त्याच्या फितीवर हिमालय लिहिलेली पट्टी आहे) आणि एक स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं. वीरचक्र यातलंच एक असणार ना? चांदणीचं का?

घोरपडी_सुभेदार (रात्री १०:५२)
पोरी, स्पष्ट सांगतो, राग मानू नकोस. यात वीरचक्र नाही.

वीरचक्र चांदीचं आणि गोल असतं. त्याची फीत अर्धी गडद निळी, अर्धी भगवी. ते शत्रूसमोर केलेल्या पराक्रमासाठी त्या एका माणसाला मिळतं आणि भारताच्या राजपत्रात त्याचं नाव छापलं जातं. तुझ्याकडची पाचही सेवेची मेडल आहेत. माणूस कधी आणि कुठे होता, ते ती सांगतात.

आता ती वाचू. रक्षा मेडल म्हणजे १९६५ साली ते वर्दीत होते. पण प्रत्यक्ष लढाईच्या भागात जे होते त्यांना समर सेवा स्टार मिळाला, तो तुझ्याकडे नाही. हरवला नसेल तर ६५ ला ते आघाडीवर नव्हते. हिमालयाची पट्टी म्हणजे हिमालयाच्या भागात ड्युटी केलेली. संग्राम मेडल ७१ च्या काळातलं, ते फार जणांना मिळालं, त्यावरून लढाई कळत नाही. पंचविसाव्या वर्षाचं १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्या सगळ्यांना. राहिला पूर्वी स्टार. पश्चिमेला लढलेल्यांना पश्चिमी स्टार मिळाला आणि पूर्वेला, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या आघाडीवर असलेल्यांना पूर्वी. तुझे आजोबा ७१ ला पूर्वेला होते. हे पक्कं, हेच लिही.

सासवडकर_७७ (रात्री ११:०४)
सुभेदार साहेब, गावाकडे मेडल म्हटलं की वीरचक्रच म्हणतात, त्यात एवढं काय? फ्लेक्सवर लिहिलं तर कोणाचं काय बिघडतं? माणूस लढलाच ना देशासाठी?

घोरपडी_सुभेदार (रात्री ११:१०)
बिघडतं. ज्यांच्या घरी खरोखर वीरचक्र आलं, त्यातल्या कित्येकांच्या घरी माणूस परत आला नाही. त्याच्या शेजारी आपण खोटं कसं लावायचं? आणि हवालदाराचा पूर्वी स्टार काय कमी आहे का?

मावळ_इटली (रात्री ११:२२)
विषय निघाला म्हणून सांगतो. माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. आमच्याकडे इटली स्टार आहे. याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. पल्लवीताई, तुमच्या आजोबांच्या वडिलांचंही काही असेल तर शोधा.

पल्लवी_धनकवडी (रात्री ११:३१)
आजोबांचे वडील शेतकरी होते. माझा प्रश्न वेगळा आहे. पूर्वेला होते हे कळलं, पण लढाई कुठली? काकांनी लहानपणापासून आम्हाला लाहोरच सांगितलंय.

एरंडवणे_इतिहास (मंगळवार, सकाळी ७:१५)
मराठा रेजिमेंट आणि पूर्व आघाडी म्हणजे जंगी पलटण, म्हणजे १ मराठा. बांगलादेशातलं जमालपूर! लिहून टाका. आपल्या ९५ माउंटन ब्रिगेडने ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरची मागची वाट अडवली होती. आत पाकिस्तानची ३१ बलुच पलटण होती. आपल्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर क्लेर यांनी बलुचच्या कमांडरला शरण येण्याविषयी पत्र पाठवलं, तर त्याने उत्तराच्या पाकिटात बंदुकीची गोळी घालून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री बलुच गावातून बाहेर पडून दक्षिणेला निघाले आणि वाटेत १ मराठाने त्यांना गाठलं. ११ ला जमालपूर पडलं. त्याच दिवशी टांगाइलला आपली २ पॅरा ही छत्रीधारी पलटण उतरली. ही २ पॅरा म्हणजे पूर्वीची ३ मराठाच, आणि तिच्याशी पुंगली पुलावर जाऊन मिळाली तीही १ मराठाच.

घोरपडी_सुभेदार (सकाळी ७:४०)
इतिहास बरोबर, पण घाई चुकीची. पूर्वेला मराठाची एकच पलटण नव्हती. कडेवर नुसतं मराठा एल आय आहे. पलटण कळल्याशिवाय जमालपूर लिहिलं तर कालचीच चूक पुन्हा होईल. सेवा संपताना मिळालेलं डिस्चार्ज बुक कुठे आहे? पेन्शनचे कागद? आजी आहे का?

कर्वेनगर_पेन्शन (सकाळी ८:०२)
आजी हयात असतील तर त्यांची फॅमिली पेन्शन स्पर्शवर (संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेवर) आली आहे का ते आधी बघा. हयातीचा दाखला दर वर्षी द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. आमच्या आईची तीन महिने अडकली होती. आधारवरचं नाव आणि पेन्शनच्या कागदावरचं नाव एकच हवं.

पल्लवी_धनकवडी (सकाळी ८:२०)
आजी आहे, ८१ वर्षांची, गावी काकांकडे. पेन्शन चालू आहे, धन्यवाद. डिस्चार्ज बुक मी कधी बघितलं नाही. मेडल ट्रंकेत होती, कागद तिथे नव्हते.

घोरपडी_सुभेदार (सकाळी ८:२४)
कुठली ट्रंक?

पल्लवी_धनकवडी (सकाळी ८:२९)
आजोबांची पत्र्याची. त्यांच्यापासून घरातच आहे, आजी गोधड्या ठेवते त्यात. का?

घोरपडी_सुभेदार (सकाळी ८:३३)
जवानाच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण लिहिलेली असते. माझी अजून तशीच आहे. आधी ट्रंक बघ.

जुनाबाजार_नाणी (सकाळी ८:५०)
आणि फितींचेही फोटो टाका. घरोघरी फिती बदललेल्या असतात. नव्या हव्या असतील तर कॅम्पातल्या मिलिटरी टेलरकडे मिळतात, पण जुन्या टाकू नका.

पल्लवी_धनकवडी (रात्री ८:१५)
ऑफिसातून अर्धा दिवस काढून गावी जाऊन आले. सगळं सांगते.

ट्रंकेला काकांनी लग्नाच्या वेळी हिरवा रंग दिला होता. झाकणाच्या कडेचा पोपडा नखाने काढला तर खाली काळा रंग आणि पांढरी अक्षरं दिसली. आजोबांचं अर्धं नाव, आणि त्याखाली १ एम एल आय, म्हणजे १ मराठाच. मी तिथेच जमिनीवर बसले.

आजीला लाहोरचं विचारलं तर ती म्हणाली, "लाहोर तुझा काका म्हणतो. ते जमालपूर म्हणायचे. रात्री मोठ्या नदीपलीकडे नेलं, सामान डोक्यावर, असं सांगायचे. कुठली नदी ते मला आठवत न्हाय." मी ब्रह्मपुत्रेचं नाव तिच्यासमोर काढलंच नव्हतं.

अजून एक. पूर्वी स्टारच्या फितीवर हरभऱ्याच्या डाळीएवढं पितळी पान टाचलेलं आहे. मला वाटलं शोभेचं आहे, म्हणून सांगितलंच नाही. फोटो जोडते. याला अर्थ आहे का?

जुनाबाजार_नाणी (रात्री ८:२१)
ताई, ते पान काढू नका, फीत धुऊ नका.

घोरपडी_सुभेदार (रात्री ८:३५)
फोटो दोनदा मोठा करून बघितला. कमळाचं पान आहे. आपल्याकडे मेन्शन इन डिस्पॅच मिळालेला माणूस त्या लढाईच्या मेडलच्या फितीवर हे पान लावतो. कमांडरच्या अहवालात त्यांचं नाव कामगिरीसाठी गेलं होतं, असा त्याचा अर्थ. हेही राजपत्रात येतं. ते वीरचक्र नाही. पण तुझ्या आजोबांना ते मिळालं असेल तर ते त्यांचं एकट्याचं आहे, सगळ्या पलटणीला वाटलेलं नाही.

सासवडकर_७७ (रात्री ८:४०)
मग लिहा ना फ्लेक्सवर!

एरंडवणे_इतिहास (रात्री ८:४४)
आधी खात्री करा. फिती बदलल्या जातात, हे वर लिहिलंच आहे. माहिती अधिकारात अर्ज टाका.

बेळगाव_रेकॉर्ड_निवृत्त (रात्री ९:०५)
माहिती अधिकाराच्या मागे लागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून परत येण्याची शक्यता जास्त. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. आजींच्या सहीने साधा अर्ज करा. सोबत पेन्शनच्या कागदाची प्रत, मृत्यूचा दाखला, आजींचं ओळखपत्र, मेडलच्या कडेचा फोटो. अर्ज पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पुढे पाठवून घ्या. मागताना नुसतं "माहिती द्या" लिहू नका. भरतीची तारीख, पलटण, मेडलची यादी, आणि मेन्शन इन डिस्पॅच असल्यास राजपत्राचा क्रमांक, असं वेगवेगळं मागा. मी तिथे २२ वर्षं होतो. मोघम अर्ज ढिगात पडून राहतो.

पल्लवी_धनकवडी (रात्री ९:५०)
आजीची सही घेऊनच आले आहे. सकाळी कार्यालयात जाते.

भावाशी फोनवर भांडण झालं. तो म्हणाला, गावाने वीरचक्र म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांना खांदा दिला, आता काय सांगायचं? शेवटी काका मध्ये पडले. मजकूर असा ठरला: "हवालदार, पहिली मराठा लाइट इन्फंट्री (जंगी पलटण). १९७१, पूर्व आघाडी. पूर्वी स्टार." नदी आणि जमालपूर आजीच्या तोंडून कार्यक्रमात ऐकवणार आहोत, ती माइकवर बोलायला तयार आहे. पानाचं बेळगावहून उत्तर आल्यावर इथेच लिहीन. सुभेदार काका, १६ ला याल का? गाव भोरच्या अलीकडे आहे, गाडी पाठवते.

घोरपडी_सुभेदार (रात्री १०:०२)
गाडी नको, येतो. तुझ्या आजीला सांग, ७१ ला मीही पूर्वेलाच होतो.

खडकी_अमोल (बुधवार, सकाळी ६:४८)
नवीन आहे इथे. आमच्या घरीही एक चांदणीचं मेडल आहे, कडेला काहीच लिहिलेलं दिसत नाही. मामाचं आहे. कुठलं असेल?

जुनाबाजार_नाणी (सकाळी ७:००)
चांदणी पालथी करून बघा. आणि घासू नका.