तालमीतल्या पोरांचं गजकर्ण आणि खिडकीतली मिक्स ट्यूब

लालमाती_वस्ताद
राम राम मंडळी. कागल तालुक्यात आमची गावची तालीम आहे. पोरं चांगली आहेत, पण यंदा गजकर्णानं सगळ्यांना धरलंय. जांघेत, काखेत, कमरेला लंगोटाची पट्टी बसते तिथं गोल गोल चट्टे. कडेला बारीक पुरळ, मधे साफ. रात्री खाजवून खाजवून झोप नाही, मग पहाटे जोर काय मारणार?

तालमीच्या खिडकीत एक मलमाची ट्यूब कायम पडलेली असते. कुणीतरी मेडिकलमधून "खाजेचं मलम" म्हणून आणलेली, संपली की दुसरी येते. ज्याला खाज येईल त्यानं बोट लावायचं. दोन दिवसांत आराम पडतो, लावायचं बंद केलं की आठवड्यात परत, आणि आधीपेक्षा मोठा चट्टा. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलंय : क्लोबेटासोल, ऑफ्लोक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफाईन.

एका पोराच्या जांघेत आता गुलाबी-पांढऱ्या चिरा पडल्यात, बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा. ते बघून मला घोर लागलाय. चैत्रात जत्रांची मैदानं सुरू होतील. औषधाचा जोर कमी पडतोय म्हणून भारीतली ट्यूब आणावी का? आणि कुस्तीच्या हौदातली माती बदलावी लागेल का? हळद, ताक, लिंबू, तेल सगळं वेळच्या वेळी घालतो आम्ही.

गोळ्यावाली_ताई
राम राम वस्ताद. साताऱ्याकडं माझं मेडिकल आहे, त्यामुळं ही ट्यूब रोज कुणी ना कुणी मागतंच. नाव कुणाला ठाऊक नसतं. "ती लाल खोक्याची द्या" एवढंच.

तुमच्या ट्यूबमध्ये चौघं एकत्र बसलेत. बुरशी मारणारा त्यातला एकच, टर्बिनाफाईन. ऑफ्लोक्सासिन जिवाणूंसाठी असतं, गजकर्णाच्या बुरशीला ते काहीच करत नाही. ऑर्निडाझोल तर आम्ही जुलाबाच्या गोळ्यांत विकतो. जांघेत त्याचं काय काम आहे ते बनवणाऱ्यालाच विचारा. उरलं क्लोबेटासोल. हे स्टेरॉईड, आणि कातडीवर लावायच्या स्टेरॉईडांत सगळ्यात कडक गटातलं. दोन दिवसांत आराम पडतो तो याच्यामुळं. लाली आणि खाज म्हणजे तुमच्या अंगानं बुरशीशी धरलेली झुंज. स्टेरॉईड ती झुंजच थांबवतं. पोराला वाटतं बरं झालं, तो लावायचं सोडतो, आणि बुरशी तोवर ऐसपैस पसरलेली असते.

जास्त दिवस हेच चाललं की चट्ट्याचं रूपही बदलतं. कड पुसट होते, आत दुसरी गोल उठते, आणि बघणाऱ्याला ते गजकर्ण आहे हेच ओळखू येत नाही.

त्या पोराच्या चिरांबद्दल गोड बोलून उपयोग नाही. कडक स्टेरॉईडनं कातडी पातळ होऊन त्या पडतात. जांघ-काख अशा घडीच्या जागी औषध जास्त मुरतं, म्हणून तिथं लवकर पडतात. रंग पुढं फिका होईल, पण चिरा पूर्ण जात नाहीत. नव्या पडू नयेत म्हणून ट्यूब आजच बंद. मात्र त्याला सांगून ठेवा की बंद केल्यावर थोडे दिवस खाज आणि लाली उलट वाढेल. तेव्हा पोरं घाबरून परत तीच ट्यूब शोधतात, म्हणून खिडकी आधी रिकामी करा.

ट्यूब घेताना एवढं बघायचं : क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं कुठलंही नाव असेल तर ते स्टेरॉईड. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, टर्बिनाफाईन ही बुरशीची औषधं. गजकर्णाला या दुसऱ्या रांगेतलं एकच औषध असलेली ट्यूब लागते. निओमायसिन दिसलं तर तेही जिवाणूंचंच, आणि बऱ्याच जणांना त्याची ॲलर्जी उठते. मग मूळ रोग कुठला आणि मलमाचा त्रास कुठला, काही कळत नाही.

भारीतली ट्यूब मुळीच नको. सरकारनं 2018 साली कातडीवरची ही स्टेरॉईडंही पूर्णपणे शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात 328 मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशी मलमंही होती. तरी काउंटरवर काय चालतं ते तुम्ही बघताच. मी चिठ्ठी मागते तेव्हा गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. जाऊ दे.

लावायची रीत : तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं. तेवढं दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. आंघोळ झाल्यावर जागा कोरडी करायची, चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटिमीटरपासून सुरुवात करून आत यायचं. बुरशी कडेनं पुढं सरकते, मधल्या साफ जागेत ती कमी असते. आणि दिसेनासं झालं तरी पुढं निदान दोन आठवडे लावायचं. इथंच सगळे घसरतात.

कराडकर_७
मला हेच झालं होतं, हॉस्टेलवर. त्वचेच्या डॉक्टरांनी चट्ट्याची कड पात्यानं हलकेच खरवडली, ती सालं काचेवर घेऊन वर पोटॅशचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे मलाच दाखवले. दुखत नाही अजिबात. आणि कुणी लसूण घासायला सांगेल तर ऐकू नका. आमच्या रूममेटला चक्क भाजल्याचे फोड आले होते.

त्वचा_ओपीडी
ताईंनी बहुतेक सगळं सांगितलंय. मी पुण्यात त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो, तीन गोष्टी जोडतो.

पहिली, आपल्याकडचं गजकर्ण आता पूर्वीसारखं सरळ राहिलेलं नाही. भारतात पसरलेल्या बुरशीला 2020 मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं वेगळं नाव मिळालं. तिच्या कित्येक वाणांवर टर्बिनाफाईन चालत नाही. त्यामुळं चट्टे एकाहून जास्त जागी असतील, किंवा आधी स्टेरॉईड लागलेलं असेल, तर नुसत्या मलमावर भागत नाही. पोटातून इट्राकोनाझोलसारखी गोळी लागते, तीही काही आठवडे. ती जेवणानंतर घ्यायची, आणि लिव्हर व चालू असलेली इतर औषधं बघूनच द्यायची. म्हणून पोरांना दाखवून घ्या.

दुसरी, मिश्र मलम कधीच द्यायचं नसतं असं नाही. इसबात पू झाला तर स्टेरॉईड आणि जिवाणूनाशक एकत्र आम्हीही देतो. पण ते मोजके दिवस, ठरावीक जागेवर आणि निदान झाल्यावर. "कशावरही चालतं" म्हणून घरात ठेवायची ही गोष्ट नव्हे. चेहऱ्यावर, पापण्यांजवळ आणि लहान बाळाच्या लंगोटाखाली तर नाहीच नाही. पापण्यांवर महिनोन्महिने लावल्यास डोळ्यांतला दाब वाढू शकतो.

तिसरी, माती बदलू नका. ही बुरशी मुख्यतः माणसाकडून माणसाला आणि कपड्यांतून जाते. एकाला बरं करून बाकीच्यांना तसंच ठेवलं तर काही उपयोग नाही. ज्यांना ज्यांना चट्टे आहेत त्यांचे उपचार एकाच वेळी सुरू करा, घरच्यांनाही विचारा. अमेरिकेत कॉलेजच्या पैलवानाला चट्ट्यावर किमान 72 तास औषध लावल्याशिवाय मॅटवर उतरू देत नाहीत. आपल्याकडच्या बुरशीला तेवढं पुरेल असं मी म्हणणार नाही.

लालमाती_वस्ताद
डॉक्टर, ताई, उपकार झाले. ट्यूब काढून टाकली. सोमवारी पोरांना घेऊन कोल्हापूरला सिव्हिलला जातो. एक शंका राहिली. स्टेरॉईड म्हटल्यावर दोन पोरं दचकली. राज्य स्पर्धेत लघवी तपासली तर पकडतील म्हणतात. आणि लंगोट दुसऱ्याचा घालू नये हे कळतं, पण धुवायचं कसं?

गोळ्यावाली_ताई
पोरं म्हणतात ते दंड फुगवायचं स्टेरॉईड वेगळं. मलमातलं दुसऱ्या जातीचं, आणि कातडीवर लावलेलं जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमात चालतं. पण परदेशातून कुणी जखमेचं मलम आणलं तर नाव वाचा. इटलीत मिळणाऱ्या अशा एका मलमात निओमायसिनसोबत क्लोस्टेबॉल असतं, आणि ते दंडवालंच. टेनिसपटू यानिक सिनर 2024 मध्ये त्यावरूनच अडकला. लावलं होतं मालिश करणाऱ्यानं स्वतःच्या बोटाला, चाचणीत सापडला हा.

लंगोट, टॉवेल, चड्डी रोजच्या रोज. उकळत्या नाहीतर चांगल्या कढत पाण्यात भिजवायचं, घरच्या कपड्यांत मिसळायचं नाही, आणि उलटं करून कडक उन्हात वाळवायचं. ओला लंगोट पिशवीत कोंबून दुसऱ्या दिवशी तोच कसायचा ही सवय मोडा. प्रत्येकाला निदान दोन लंगोट हवेत. कुणाची ऐपत नसेल तर तालमीच्या वर्गणीतून घ्या, खिडकीतल्या ट्यूबा आणण्यापेक्षा स्वस्तच पडेल. आणि सोमवारी जाताना ती ट्यूब, खोका असेल तर खोकाही, बरोबर न्या. काय लावलं होतं ते डॉक्टरला कळायला हवं.