बडोद्याला जॉब मिळालाय, जाऊ की नको?

नाशिककर_९१: मकरपुरा जीआयडीसीत ऑफर आलीये, पगार बरा आहे, काम तर अगदी हवं तसं, पण घरी आई एकटी आणि मला गुजरातीचं एक अक्षर वाचता येत नाही. काल मेलवर हो म्हटलं आणि रात्रभर झोप नाही. आनंद झालाय पण पोटात गोळा पण आलाय. तिथे कोणी आहे का?

दांडियाबाजारवाली: अरे ये बिनधास्त! गायकवाडांचं गाव आहे, आमच्या चार पिढ्या इथे गेल्या. गणपतीत बघ, पुण्याची आठवण येणार नाही. २०१८ला साहित्य संमेलनही इथेच झालं होतं. रूम मांजलपूरला बघ, मकरपुरा जवळ पडतं, अलकापुरीच्या नादी लागू नकोस, भाडं परवडायचं नाही.

परत_आलेला: मी राहिलोय तिथे. खरं सांगू, पहिले काही रविवार खायला उठतात. ऑफिसात सगळे जेवताना गुजरातीत हसतात आणि आपण नुसतं डब्यात बघत बसतो. भाषा हळूहळू कानात बसते, दुकानांच्या पाट्या वाचायला लागलास की अर्धं काम झालं. आणि हो, दारूबंदी आहे, आधीच सांगून ठेवतो 😄 सेवउसळ मात्र खाच, वरून तर्री मागून घ्यायची.

नाशिककर_९१: ताई, आईला सोबत आणलं तर करमेल का तिला?

दांडियाबाजारवाली: आधी नवरात्रात आठ दिवस आण, मग तिलाच विचार.