मदत हवी आहे: मित्राच्या साय-फाय शूटरबद्दल मत द्यायचंय, पण 'मजा येत नाही'च्या पुढे गाडी सरकत नाहीये

मंडळी, जरा अडकलोय.

माझा एक मित्र आणि त्याचे तीन सहकारी नोकरी सांभाळून एक फर्स्ट पर्सन शूटर (खेळणाऱ्याच्याच नजरेतून दिसणारा गोळीबाराचा गेम) बनवताहेत. अवकाशातलं ओस पडलेलं खाणीचं स्थानक, आपण एकटे आणि समोर डोकं फिरलेले रोबो. गेम अजून बाहेर आलेला नाही, म्हणून नाव सांगत नाही. पहिल्या चार लेव्हल मला खेळायला दिल्यात आणि वर बजावलंय, "मित्र म्हणून गोड बोलू नकोस. विकत घेतलेला गेम आहे असं समजून सांग."

साडेपाच तास खेळलो. वहीत तीन पानं खरडली. तिन्ही पानांचा अर्क एवढाच, की दिसायला झकास, खेळायला पुळचट. हे ऐकून त्या बिचाऱ्याने करायचं काय?

दुसऱ्या लेव्हलमधला एक प्रसंग सांगतो. लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना पाइप, टोकाला तीन रोबो. माझ्या हातात प्लाझ्मा रायफल. मी झाडतोय, निळे गोळे सुसाट जाताहेत, रोबो चालतोय. अजून चालतोय. आणि मग एकदम कोसळतो. तोवर मला पत्ताच नाही की लागतंय की नेम चुकतोय. बरं, तिघंही मुंग्यांसारखे एका रांगेत माझ्याकडेच येतात.

शिवाय अर्ध्या तासात डोकं जड होतं आणि मळमळायला लागतं. हा दोष माझा की गेमचा?

तुम्ही असा गेम तपासताना नेमकं काय बघता? आणि हाफ-लाइफ, हेलो या गाजलेल्या साय-फाय शूटरशी त्याची तुलना करावी, की चार जणांच्या गेमवर तो अन्याय होईल?

प्रतिसाद १

आधी मळमळीचं बघा. पोटात ढवळत असताना दिलेलं मत मी तरी धरणार नाही. सेटिंग्जमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू (किती अंशांचं दृश्य दिसतं तो कोन) किती आहे? आणि तो आडवा मोजलाय की उभा, हेही मित्राला विचारा. १६:९ स्क्रीनवर उभा ६० म्हणजे आडवा साधारण ९१ होतो, ते ठीक. पण आडवाच ६०-६५ असेल तर तुम्ही नळीतून बघताय, आणि स्क्रीनच्या जवळ बसणाऱ्या बऱ्याच जणांना त्याने गरगरतं. मोशन ब्लर (हलताना चित्र पुसट करणारा इफेक्ट) बंद करा. चालताना कॅमेरा वर-खाली डुलत असेल तर तेही बंद करा. बंद करायची सोयच नसेल तर तुमच्या यादीतला पहिला मुद्दा तुम्हाला मिळाला.

फ्रेम रेटही (सेकंदाला किती चित्रं दिसतात, म्हणजे एफपीएस) बघा. ६० एफपीएसला एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं, ३० ला ३३.३. पण आकड्यापेक्षा त्रास होतो तो मध्येच बसणाऱ्या गचक्यांचा. सरासरी ६० दाखवून ऐन मारामारीत अडखळणारा गेम मला सलग ४५ वर चालणाऱ्यापेक्षा वाईट वाटतो.

प्रतिसाद २

दादा, तुमच्या कॉरिडॉरमध्येच सगळं उत्तर आहे, तीन पानांची गरज नाही.

साय-फाय शूटरची एक अडचण युद्धाच्या शूटरला नसते. साधी बंदूक कशी वाजते, गोळी लागली की माणूस कसा कोलमडतो, हे खेळणारा आधीच मनात घेऊन येतो. प्लाझ्मा रायफल कुणी पाहिलीय? तिचा धक्का, आवाज, वेग, ती कशावर चालते आणि कशावर नाही, हे सगळं गेमने स्वतः शिकवावं लागतं. ते जमलं नाही की हत्यार खेळण्यातलं वाटतं, मग ग्राफिक्स कितीही भारी असोत.

२००१ चा पहिला हेलो आठवा. प्लाझ्मा शत्रूच्या ढालीवर जोरात लागतो, ढाल गेली की साध्या गोळ्या भारी पडतात. हे कुणी व्याख्यान देऊन सांगत नाही. एलिट नावाच्या ढालवाल्या शत्रूला मारा बसला की त्याची ढाल चमकते, संपली की फुटताना दिसते, आणि हात आपोआप हत्यार बदलतो. किंवा २००४ चा हाफ-लाइफ २ घ्या. वस्तू ओढून फेकणारी ग्रॅव्हिटी गन हातात येते तेव्हा आधी डॉग नावाच्या रोबोशी फेकाफेकीचा खेळ खेळवतात. मग रेव्हनहोम नावाच्या गावात भिंतीत रुतलेली करवतीची पाती दिसतात आणि पुढे काय करायचं ते आपल्यालाच सुचतं.

हे गेम मापदंड म्हणून नाही, प्रश्न म्हणून वापरा. 'हेलोइतका चांगला नाही' असं लिहिणं अन्याय. 'ढाल फुटल्याचं हेलोत कळतं, इथे का कळत नाही?' असं विचारणं ही मदत.

आता एक करा. त्याच कॉरिडॉरमध्ये परत जा. एकच रोबो उरू द्या आणि अगदी जवळून एकेक गोळा मारा, मोजत. मग आवाज बंद करून पुन्हा. मग आवाज लावून, पण डोळे मिटून. काय दिसलं, काय ऐकू आलं एवढंच लिहा. 'पुळचट' हा शब्द वापरायचा नाही.

प्रतिसाद ३

डोळे मिटून शूटर! आमच्याकडे उघडे ठेवूनही तेच होतं.

दहापैकी आकडा मात्र देऊ नका. मित्र सात ऐकून खूश होईल, पाच ऐकून खचेल, आणि दोन्ही वेळा गेम होता तसाच राहील.

धागाकर्ता

करून बघितलं. प्रतिसाद १ वाल्या ताई/दादा, आडवा ६५ होता. फाइलमध्ये जाऊन ९५ केला, ब्लर काढला. दोन तास खेळलो, मळमळ नाही. साडेपाच तासांचा राग नक्की कशावर होता ते आता कळलं.

आता कॉरिडॉर. एक रोबो मरायला अकरा गोळे आणि जवळजवळ चार सेकंद लागतात. अगदी नाकाला नाक लावून मारल्यावर दिसलं, की लागल्यावर ठिणग्या उडतात. दर वेळी उडतात! पण त्या निळ्या. प्लाझ्मा निळा, कॉरिडॉरचे दिवे निळे आणि ठिणग्याही निळ्या. पाच पावलांवरून काही म्हणजे काही दिसत नाही.

डोळे मिटून: माझ्या रायफलचा आवाज दणदणीत. गोळा लागल्याचा आवाज नाहीच. भिंतीला मारा की रोबोला, कानाला एकच.

प्रतिसाद २

हे लिहा. असंच्या असं लिहा. रंग बदलणं हे कदाचित एका संध्याकाळचं काम असेल, आणि नुसतं 'गन फील (बंदूक चालवल्याची जाणीव) वाईट आहे' असं सांगितलं असतं तर ते चौघं महिनाभर भलतीकडेच शोधत बसले असते.

प्रतिसाद ४

रांगेतल्या रोबोंबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून मी बोलते. शत्रू फार हुशार असण्यापेक्षा त्याचं वागणं आपल्याला वाचता आलं पाहिजे. हेलोत एलिट पडला की ग्रंट नावाचे छोटे शत्रू हात वर करून पळत सुटतात. त्यामुळे 'आधी मोठ्याला गाठ' हा डाव खेळणाऱ्याला आपोआप कळतो. २००५ च्या 'फिअर' गेममधले सैनिक एकमेकांना ओरडून सांगत असतात, त्यामुळे त्यांची चाल आपल्या कानावर पडते. तुमचे रोबो बिघडलेले आहेत ना? मग सरळ चालण्याला तेच कारण पुरेल, पण ते बिघडलेत हे दिसू दे. एखादा भिंतीला धडकू दे, एखादा मध्येच थबकू दे.

आणि गोळे उडताना दिसतात म्हणजे चुकवता येतात. रोबोही तसेच मारत असतील तर कॉरिडॉरमध्ये बाजूला सरकायला जागा आहे का? १९९३ च्या 'डूम' गेममध्ये इम्प नावाच्या राक्षसाचा आगगोळा चुकवता येतो म्हणून तिथे सतत पाय हलते ठेवावेसे वाटतात. दोन्हीकडे पाइप लावून पाय बांधले तर उरतं काय? उभं राहून बटण दाबणं.

शेवटचं, स्थानकाबद्दल. ते खाणीचं आहे याचा खेळण्याशी काही संबंध येतो का? २०१७ च्या 'प्रे' गेममध्ये मिमिक नावाचे जीव कप-खुर्च्यांचं रूप घेतात, त्यामुळे टेबलावरच्या कपाकडेही आपण पाना उगारून बघतो. तिथे जागाच खेळात उतरते. तुमच्याकडे ड्रिल, ट्रॉल्या, स्फोटकं काही वापरता येतात, की सगळी नुसती सजावट?

धागाकर्ता

सजावट. ट्रॉली ढकलायचा प्रयत्न केला होता, हलत नाही. आणि सरकायला जागा नाही, दोन पावलांत पाइप लागतो. रोबो मात्र गोळेच मारतात आणि ते तब्येतीत हळू येतात, म्हणजे चुकवता येतील असेच बनवलेत! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तीन पानं फाडून एक पान केलं आणि काल रात्री पाठवलं. आज दुपारी त्याने नवी फाइल पाठवली. ठिणग्या नारिंगी केल्यात आणि रोबोला लागलं की पत्रा ठोकल्यासारखा ठण्ण आवाज येतो. रोबोची ताकद तीच, गोळे मोजले तर अजूनही अकराच. पण खरं सांगतो, पाचच लागले असं वाटलं.

कॉरिडॉर रुंद करायचा म्हणजे लेव्हल अर्धी मोडावी लागेल, असं म्हणतोय. ट्रॉलीचं विचारलं तर नुसताच हसला. पाइप न हलवता सरकायला जागा कशी काढायची, कुणाला सुचतंय का?